एका खोलीचं दोनदा भाडं

"काकू, जरा बोलायचं होतं."

वरचा मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, चपला न काढता उभा राहून असं म्हणाला की मला कळतं. मोटर जळली असेल तर तो वरूनच ओरडतो. भाडं उशिरा येणार असेल तर व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र येतं. पण स्वतः खाली उतरून "जरा बोलायचं होतं" म्हणजे खोली सोडतोय.

यंदा ऑक्टोबरच्या 6 तारखेला हे झालं. मुलगा बऱ्हाणपूरचा, घरी मराठी बोलणारा. दोन वर्षं इथे इंदूरमध्ये भंवरकुआच्या क्लासला जाऊन पीएससीची तयारी करत होता, आता पुण्यात नोकरी मिळाली. आमचा किरायानामा 1 जुलै ते 31 मे, अकरा महिन्यांचा. भाडं 9,000, डिपॉझिट 18,000. ऑक्टोबरअखेर गेला तर सात महिने बाकी राहतात. नोकरीचं सांगून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "डिपॉझिट जाणार ना, काकू?" म्हणजे कागद त्याने वाचला होता. वीस वर्षांत असा भाडेकरू मला पहिल्यांदाच भेटला.

कागदावर जे लिहिलंय ते कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या हिंदीत आहे. मी प्रथम पक्ष, तो द्वितीय पक्ष. नियत अवधीपूर्वी द्वितीय पक्षाने जागा खाली केली तर अमानत रक्कम, म्हणजे डिपॉझिट, "राजसात की जावेगी". हा शब्द मला फार आवडतो. राजसात, म्हणजे राजाच्या खजिन्यात जमा. होळकरांचं राज्य 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं, पण लोकमान्य नगरातल्या दोन खोल्यांच्या जिन्यावर ते अजून चालू आहे आणि गादीवर मी आहे.

आमच्या भिशीत बारा जणी आहेत, त्यांतल्या आठ जणींच्या घरी वरचा मजला भाड्याने दिलेला. विषय काढला तर एकच उत्तर आलं: करारात लिहिलंय ना, मग ठेवून घे. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मलाही बरीच वर्षं वाटत नव्हतं. आता वाटतं. नोकरी लागली, बदली झाली, घरी कोणी आजारी पडलं म्हणून मुदतीआधी जाणाऱ्या भाडेकरूचं सगळं डिपॉझिट ठेवून घेणं आणि पुढच्या आठवड्यात तीच खोली दुसऱ्याला देणं, याला आपण व्यवहार म्हणतो. खरं तर ते एका खोलीचं दोनदा भाडं घेणं आहे.

आमच्या लोकांच्या मनात भाडेकरूची जी धास्ती बसली आहे ती आली कुठून, तेही सांगायला हवं. रामबागेतल्या आजोबांच्या वाड्यात मागच्या तीन खोल्यांत एक बिऱ्हाड होतं. भाडं महिना बावीस रुपये. ते बिऱ्हाड माझ्या जन्माआधीपासून होतं आणि माझ्या लग्नानंतरही होतं. आजोबा गेले, दावा चालू राहिला. मध्य प्रदेशात 1961 पासून स्थान नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम 12 मध्ये भाडेकरूला बाहेर काढण्याची कारणं मोजून दिली आहेत. त्याबाहेरच्या कारणाने दावाच लावता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो. घरच्यांना राहायला जागा लागते हे त्यांतलं एक कारण. "बोनाफाइड नीड" हा शब्द मी शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी शिकले, कारण घरात रोज तो उच्चारला जायचा. आजोबांच्या पिढीला भाडेकरू जात नाही म्हणून झोप नव्हती. आमच्या पिढीला तो जातो म्हणून राग येतो.

अकरा महिन्यांचा आकडाही त्याच भीतीतून आला. भिशीतल्या निम्म्या जणींना अजून वाटतं की बारावा महिना लागला की भाडेकरू मालक होतो. तसं काही नाही. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, त्याला मुद्रांक लागतो, फी लागते. ते टाळायला अकरा महिने, बस. आणि 1961 चं संरक्षण अकरा महिन्यांच्या कागदाने उडत नाही. म्हणजे गंमत बघा: ज्या कागदाच्या जोरावर मी त्याला बाहेर काढू शकत नाही, त्याच कागदाच्या जोरावर मी त्याला आत अडकवून ठेवायला बघते.

अडकवता येतं का, हा पुढचा प्रश्न. आपला करार कायदा 1872 चा. कराराचा भंग झाला तर अमुक इतकी रक्कम द्यावी असं लिहिलेलं असेल, तर कलम 74 प्रमाणे ती रक्कम ही वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आकडा कितीही फुगवून लिहिला तरी. आधीच हातात असलेल्या रकमेलाही हेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फतेहचंद खटल्यात सांगून ठेवलंय. त्याच्या मागच्या कलमात, 73 मध्ये, स्पष्टीकरण म्हणून एक ओळ आहे, ती मला त्याहून महत्त्वाची वाटते: नुकसान मोजताना, ते टाळण्याची कोणती साधनं हाताशी होती हे धरलं पाहिजे. घरगुती भाषेत सांगायचं तर, खोली रिकामी राहिली याचे पैसे माग, पण आधी गेटवर पाटी लावली होतीस का ते सांग.

अठरा हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही, हे मलाही माहीत आहे आणि मुलांनाही. वकिलाची पहिली भेटच त्यात निघून जाईल. म्हणून तर हा प्रश्न कायद्यापेक्षा आपल्या वागण्याचा जास्त आहे. समोरचा भांडायला येणार नाही याची खात्री असताना आपण जे करतो, ते "करारात लिहिलंय" म्हणून झाकता येत नाही.

मी केलं आहे, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी वर एक नर्स राहायची, खरगोनकडची. नाइट ड्यूटी करून सकाळी आठला यायची, बादली भरून जिना धुवायची, मला न सांगता. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तिला घरी परतावं लागलं. भाडं तेव्हा 6,500, डिपॉझिट 13,000. मी ते ठेवून घेतलं. ती काही बोलली नाही, किल्ली दिली आणि गेली. नवव्या दिवशी खोली लागली, भाडंही पाचशेने वाढवून. रात्री आमच्या यांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत हिशेब मांडला: नऊ दिवसांचे 1,950. बाकी 11,050 कशाचे? मी म्हटलं, रंगाचे. रंग आम्ही लावलाच नव्हता. त्या वर्षीचं कॅलेंडर मी डिसेंबर संपायच्या आधीच रद्दीत घातलं. तिचा नंबर पुढे बदलला, फोन लागला नाही.

तेव्हापासून मी एक साधा हिशेब धरलाय. किल्ली त्याच्याकडे आहे तोवर भाडं त्याचं, मग तो राहो न राहो. किल्ली माझ्या हातात आली की खोली माझी. त्यापुढे ती जितके दिवस रिकामी राहील तितक्या दिवसांचं, जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं त्याच्याकडून, रोजाच्या हिशेबाने. एका महिन्यात खोली लागली नाही तर पुढचं माझं नशीब. महिनाच का, असं विचारतात. उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, आमच्या गल्लीत आहे: आमच्याकडे बरी खोली महिन्याच्या आत लागते. जिथे तीन महिने लागत असतील तिथे आकडा वेगळा ठेवा, पण आत येतानाच सांगा.

किल्लीचा मुद्दा मला कोविडने शिकवला. मार्च 2020 मध्ये वर दोन मुलं होती. गाड्या बंद व्हायच्या आदल्या दिवशी एकेक सॅक घेऊन घरी गेली; गादी, कुकर, पुस्तकांचे गठ्ठे वरच. 29 मार्चला गृह मंत्रालयाचा आदेश आला: कामगारांकडून एक महिना भाडं मागू नका, कामगारांना आणि विद्यार्थ्यांना घराबाहेर काढाल तर कारवाई. काढायचा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. मुलं तिकडे होती, सामान इकडे. ती म्हणत, आम्ही राहत नाही तर भाडं कसलं? मी म्हणे, तुमच्या कुकरने माझी खोली अडवली आहे. दोघांचंही खरं होतं. शेवटी अर्ध्यावर तोड काढली. पण त्यातून कळलं की "राहणं" आणि "अडवणं" या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाडं अडवण्याचं असतं. तो अडवायचं थांबला की मागण्याचा माझा हक्कही झपाट्याने कमी व्हायला हवा.

आता खरी गोम. खोली रिकामी राहते ती कोणामुळे?

आमच्या गेटवर "टू लेट" लागलं की पहिल्या दोन दिवसांत दहा-बारा फोन येतात. त्यांतले किती जण जिना चढून वर पोहोचतात? नॉनव्हेज खाणारे नकोत. फक्त मुली असतील तर बरं, पण रात्री दहानंतर येणाऱ्या मुली नकोत. मुलगे नकोतच, असतील तर एकच. फॅमिली हवी, पण लहान मूल नको, भिंतीवर लिहितं. आडनाव विचारतो, गाव विचारतो, आणि आडनावावरून जे ठरवायचं ते "आधीच एकाला शब्द दिलाय" असं म्हणून ठरवतो. मराठी असेल तर सोन्याहून पिवळं, जणू मराठी माणूस नळ उघडा ठेवून जात नाही. इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं; टाकी उपसून टाकणारा भाडेकरू सगळ्या जातींत आणि सगळ्या भाषांत सापडतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

या आवडीनिवडी चांगल्या की वाईट, हा वाद मी आज बाजूला ठेवते, जरी त्यांतल्या काहींची मला लाज वाटते. आजचा मुद्दा फक्त पैशांचा आहे. पाच जण भाडं द्यायला तयार होते आणि मी पाचांना परत पाठवलं, तर ते पंधरा दिवस खोली कोणी रिकामी ठेवली? पुण्याला गेलेल्या मुलाने नाही. माझ्या घरात कोण राहावं हे मी ठरवीन, जरूर ठरवीन. पण त्या ठरवण्याचं बिल गेलेल्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून भरणार नाही. कलम 73 मधली ती ओळ मला इथे बोचते.

जाणारा भाडेकरू बदली माणूस आणून देतो म्हणतो, तेव्हाही हेच. त्याने परस्पर कोणाला आणून बसवायचं नाही, हे बरोबर. आमच्या कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही आणि ते खोली खाली करून घेण्याचं कारणही होतं. पण त्याने माणूस दाखवायचा, मी भेटायचं, पटला तर नवा कागद करायचा, यात अडचण काय? नाही पटला तर त्या दिवसापासून मीटर माझं.

"करार म्हणजे करार" असं म्हणणाऱ्यांना माझा एक उलटा प्रश्न आहे. आमच्याच ओळीत एका घरी मुलगा पुण्याहून सहकुटुंब परत येणार म्हणून वरच्या भाडेकरूंना चौथ्या महिन्यात "बघा ना जरा, तुमचीच सोय बघा" असं सांगितलं. भाडेकरूही गरीब स्वभावाचे, पंधरा दिवसांत गेले. त्यांचा टेम्पो, नव्या दलालाचं एक महिन्याचं भाडं, मुलीच्या शाळेची बदललेली व्हॅन, हे कोणी दिलं? करारात त्यांच्यासाठी राजसात काहीच नव्हतं. मुदत दोघांवर बांधलेली असते. मोडल्याचा दंड मात्र एकाच्याच नावावर लिहिलेला. माझ्या नव्या कागदात मी लिहून घेतलंय की मुदतीआधी मी जागा मागितली तर डिपॉझिट पुरतं परत आणि वर एक महिन्याचं भाडं मी देईन. टायपिस्ट माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, ये तो कोई नहीं लिखवाता."

भाडेकरू काही सगळे बऱ्हाणपूरच्या मुलासारखे नसतात, हेही मी भोगलंय. शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही आणि म्हणायचं, डिपॉझिटमधून कापून घ्या. मग खोली उघडून बघावी तर बेसिन तडकलेलं, सबमीटरचे तीन महिन्यांचे युनिट उभे आणि डिपॉझिट तर भाड्यातच संपलं. एक जोडपं रात्री अकराला टेम्पो लावून गेलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं, तेव्हा मला कळलं. अशांचं डिपॉझिट कापावं, पै न पै कापावं. पण ते थकलेल्या भाड्यासाठी, विजेसाठी, मोडतोडीसाठी. मुदतीआधी जाणं हा वेगळा गुन्हा म्हणून त्यात मिसळू नये. सगळ्यांची धास्ती एकत्र करून आपण ती वसूल करतो त्या माणसाकडून, जो दिवसाउजेडी खाली येऊन सांगतो. पळून जाणाऱ्याला ती शिक्षा होतच नाही. पुढच्या मुलाने यातून काय शिकावं? रात्री टेम्पो बोलवावा, हेच ना.

हंगामाचं मात्र कबूल करते. जूनमध्ये कोणी गेलं तर मला आनंदच होतो. क्लासच्या नव्या बॅचेस, कॉलेजचे प्रवेश, खोली चार दिवसांत लागते. नोव्हेंबरात गेला तर कठीण. ज्याला यायचं होतं तो आलेला असतो. म्हणून रोजाचा हिशेब मला सरसकट दंडापेक्षा बरा वाटतो: जूनमध्ये जाणाऱ्याचे चार दिवसांचे कापले जातात आणि नोव्हेंबरात जाणाऱ्याचा महिना. दोघांनाही एकच शिक्षा असली तर ती शिक्षाच झाली, भरपाई नव्हे.

दुकानांची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी मालकांच्या बाजूची आहे. एखाद्या कंपनीसाठी मालक भिंत पाडतो, शटर बदलतो, तीन वर्षं राहणार या भरवशावर भाडं कमी धरतो. ती कंपनी आठव्या महिन्यात निघून गेली तर त्याचं खरोखर नुकसान होतं. तिथे लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी जागा सोडायची नाही ही अट, हवंच. फक्त मग पट्टा नोंदवा. तीन वर्षांचा कागद न नोंदवता कपाटात ठेवला तर वेळ आली की त्यातलं लॉक-इन कोर्टात उभं राहत नाही, महिनेवारी भाडं धरलं जातं आणि पंधरा दिवसांची नोटीस पुरते. मुद्रांक वाचवायचा आणि मुदतही पक्की हवी, हे एकदम जमत नाही.

केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांहून जास्त नको, आणि जागा ताब्यात घेतली त्याच दिवशी वजावट करून ते परत द्यायचं, असं त्यात आहे. हा विषय राज्यांचा, तेव्हा स्वीकारायचं काम राज्यांचं. पण "त्याच दिवशी" हे दोन शब्द पाळायला मला भोपाळच्या राजपत्राची वाट बघायची गरज नाही. निदान निम्म्यापुरती तरी नाही.

31 ऑक्टोबरला संध्याकाळी मुलगा खाली आला, चपला काढून. सबमीटरचा फोटो दोघांनी मिळून काढला. बाथरूमचा नळ गळत होता, तो माझ्या लक्षात आला नसता, त्यानेच दाखवला. 9,000 मी तिथेच त्याच्या फोनवर पाठवले. उरलेल्या 9,000 मधून 1 नोव्हेंबरपासून रोजचे 300 वजा होतील, खोली लागेल त्या दिवशी थांबतील, हे त्याने आणि मी दोघांनी व्हॉट्सॲपवर लिहून "ठीक" म्हटलं. त्याची आई फोनवर होती, तिने मला "ताई" म्हणून हाक मारली आणि पुण्यात पोहे मिळतात तसे खाऊन याचं पोट भरेल का, असं विचारलं. मी सांगितलं, जिलबी आणि शेव नसताना कसं भरणार?

आमच्या नणंदबाई राजेंद्र नगरात राहतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांमुळे आमचे भाडेकरू बिघडतात." त्यांच्या वरची खोली गेल्या दिवाळीपासून बंद आहे. फॅमिली मिळत नाही म्हणून.

आज 11 नोव्हेंबर. कॅलेंडरवर अकरा चौकटींत बऱ्हाणपूर असं बारीक लिहिलंय, 3,300 झाले. दुपारी एका मुलीचा फोन आला, सुपर कॉरिडॉरला नोकरी करते, एकटी आहे, भाडं मान्य, उद्यापासून राहायला येते म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याकडे एक मांजर आहे. चालेल?" मला मांजरं अजिबात चालत नाहीत. विचार करून उद्या सांगते म्हटलं, आणि फोन ठेवून 12 तारखेच्या चौकटीत माझं नाव लिहिलं.